फॉरेन्सिक अकाउंटिंग शिकवायचं तर मुलांच्या हातात कागद द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या करिअरच्या पानावर फॉरेन्सिक अकाउंटिंग आणि फ्रॉड इन्व्हेस्टिगेशनच्या युनिव्हर्सिटी कोर्सबद्दल लेख आला होता तो वाचला आणि बरं वाटलं, कारण या विषयावर सहसा कोणी लिहीत नाही, एखादा घोटाळा बाहेर आला की चार दिवस सगळे लिहितात आणि मग विसरून जातात. मी बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणजे कंपन्यांमधल्या अफरातफरीचे हिशोब लावायचं काम करते आणि अधूनमधून कॉलेजात हा विषय शिकवायलाही जाते, म्हणून त्या लेखात जे राहून गेलं ते लिहावंसं वाटलं. लेखात जे चित्र उभं केलंय ते गुप्तहेराचं आहे, डिग्री घेतली की मुलगा कॉम्प्युटरवर आकडे बघणार आणि चोर पकडणार. ते चित्र बघून मुलं ॲडमिशन घेतात आणि वर्षभरात त्यांचा हिरमोड होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच ठिकाणी कोर्ससुद्धा त्याच चित्राला धरून बनवलेला असतो. गाजलेल्या घोटाळ्यांच्या गोष्टी सांगायच्या, कायद्याची कलमं पाठ करून घ्यायची, दोन-चार थिअरी आणि शेवटी लेखी पेपर, संपलं. व्हाउचर, बँक स्टेटमेंट, खरडलेलं बिल, असं काही त्या मुलांच्या हाताला लागतच नाही. माझं म्हणणं असं आहे की हा विषय कागद हातात घेऊनच शिकता येतो, आणि मनात शंका ठेवायची पण तोंडावर ताबा ठेवायचा ही सवय त्यातूनच लागते, ती पुस्तकातून लागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. लोक विचारतात, ऑडिटर असतोच ना, मग हा वेगळा माणूस कशाला. ऑडिटर सगळे व्यवहार तपासत नाही, तो नमुना घेतो, कुठली रक्कम किती मोठी आहे त्यावरून कुठे बघायचं ते ठरवतो आणि एकंदरीत हिशोब कंपनीची खरी परिस्थिती दाखवतात का यावर मत देतो. फॉरेन्सिकवाल्यासमोर ठराविक प्रश्न असतो, पैसे गेले का, किती गेले, कुठल्या वाटेने गेले, कोणाच्या सहीने गेले आणि शेवटी कोणाच्या खात्यात जाऊन थांबले, आणि प्रत्येक उत्तर उद्या कोर्टात उलटतपासणीत टिकेल असं लागतं. १९८८ साली सुरू झालेली सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सची जी जागतिक संघटना आहे ती दर दोन वर्षांनी अहवाल काढते, २०२४ च्या अहवालात १३८ देशांमधल्या १,९२१ केसेस होत्या. त्यातल्या ४३ टक्के केसेस कुणीतरी खबर दिली म्हणून उघड झाल्या, आणि बाहेरच्या ऑडिटमधून उघड झालेल्या फक्त ३ टक्के. घोटाळा सुरू झाल्यापासून पकडला जाईपर्यंत किती वेळ गेला त्याप्रमाणे केसेस ओळीने लावल्या तर बरोबर मधल्या केसला साधारण १२ महिने लागले होते. हे आकडे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, कारण मुलं येतात ती सॉफ्टवेअर शिकायला, आणि त्यांना पहिल्या दिवशी कळायला हवं की निम्म्याच्या आसपास केसेसची सुरुवात एखाद्या माणसाने घाबरत घाबरत सांगितलेल्या दोन वाक्यांनी होते, म्हणजे ऐकून घेता येणं हे सुद्धा या अभ्यासक्रमातच आलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा, अकाउंट्स. या कोर्सला येणाऱ्या बऱ्याच मुलांना जमा-नावे कंटाळवाणं वाटतं, ते पटकन उरकून पुढे जायची घाई असते. मी त्यांना वर्ल्डकॉमची केस देते. ही अमेरिकेतली टेलिफोन कंपनी, दुसऱ्या कंपन्यांच्या लाइन वापरायचं भाडं हा तिचा मोठा खर्च. हा खर्च त्या त्या वर्षीच्या नफ्यातून वजा व्हायला पाहिजे होता, तो त्यांनी उचलून मालमत्तेत टाकला, जणू काही नवीन मशिनरी घेतली. मालमत्तेत गेला की तो एकदम वजा होत नाही, थोडा थोडा करून पुढच्या वर्षांमध्ये वजा होत जातो, म्हणजे यंदाचा नफा फुगलेला दिसतो. २००२ च्या जूनमध्ये कंपनीने कबूल केलं तेव्हा हा आकडा ३८० कोटी डॉलरच्या वर होता आणि पुढे सगळा हिशोब लावल्यावर तो ११०० कोटींच्या आसपास गेला. एवढा मोठा घोटाळा, पण त्याच्या मुळाशी असलेली एंट्री बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाला कळावी इतकी साधी आहे, खर्च कुठला आणि मालमत्ता कुठली एवढाच प्रश्न. ती पकडली कंपनीच्याच इंटर्नल ऑडिट विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या टीमने, रात्री उशिरापर्यंत बसून गुपचूप काम करून, कारण दिवसा सिस्टिममधून एवढा डेटा काढला असता तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. त्यांनी जे केलं ते ऐकायला फार थोर वाटत नाही, एवढ्या मोठ्या रकमेच्या एंट्रीला आधार म्हणून कुठला कागद आहे तो दाखवा असं त्या विचारत राहिल्या, आणि कागद नव्हता. ज्या मुलाची एंट्री पक्की नाही त्याला हा प्रश्न सुचणारच नाही, म्हणून कोर्स कितीही मोठ्या नावाचा असू दे, अकाउंटिंगचा पाया कच्चा ठेवून वर तपासाचे मजले चढवले तर काही हाती लागत नाही.

वर्गात मी काय करते ते जरा सविस्तर सांगते, कारण माझा आग्रह यासाठीच आहे. एका काल्पनिक कंपनीची फाइल बनवलेली आहे, त्यात खरेदीचं रजिस्टर, माल देणाऱ्यांची म्हणजे व्हेंडरची यादी, पगाराची यादी, बँक स्टेटमेंट आणि बिलांचा एक गठ्ठा. पहिल्यांदा मुलं एकूण बेरजा मारतात, त्यातून काही निघत नाही. मग त्यांना सांगते की व्हेंडरचे बँक खाते नंबर आणि कर्मचाऱ्यांचे पगाराचे खाते नंबर शेजारी शेजारी ठेवा आणि जुळतात का बघा. बरेच जुळतात, आणि वर्गात एकच गलका होतो, मॅडम सापडला. इथे मी त्यांना थांबवते. बऱ्याच कंपन्यांमध्ये प्रवासखर्चाचे पैसे परत द्यायला कर्मचाऱ्यालाच व्हेंडर म्हणून सिस्टिममध्ये टाकलेलं असतं, त्यामुळे खाते नंबर जुळणं यात काहीच गैर नसतं, ते बाजूला काढा मग उरलेलं बघा. उरतं एक नाव. मग त्या व्हेंडरची बिलं काढायची, तारखेप्रमाणे लावायची, आणि मग हळूहळू दिसायला लागतं. बिल नंबर ओळीने आहेत, ११७, ११८, ११९, मधे महिना गेला तरी पुढचं बिल लगेच पुढच्या नंबरचं, म्हणजे या माणसाला जगात दुसरं गिऱ्हाईकच नाही का. मॅनेजरच्या सहीची मर्यादा ५० हजारांची आणि बिलं ४९,२००, ४८,७५०, ४९,५००, एकाच दिवशी दोन. बिलावर मालाचं वर्णन "साहित्य पुरवठा" एवढंच, नग नाही, वजन नाही, आणि गोडाऊनच्या आवक रजिस्टरमध्ये त्या दिवशी त्या नावाची गाडीच आलेली नाही. व्हेंडरची नोंद सिस्टिममध्ये ज्याने केली त्याच्याच लॉगिनवरून पेमेंटही मंजूर झालंय.

इतकं झाल्यावर सुद्धा मी मुलांना विचारते की आता नक्की काय माहीत झालं ते एका वाक्यात लिहा. जवळजवळ सगळे लिहितात की अमक्याने चोरी केली. हे आपल्याला माहीत झालेलं नाही. या लॉगिनवरून ही नोंद झाली आणि या लॉगिनवरून ही पेमेंट्स मंजूर झाली एवढं माहीत झालं, त्या खुर्चीवर त्या वेळी कोण बसलं होतं, पासवर्ड आणखी कोणाला ठाऊक होता, माल दुसऱ्या साइटवर उतरला होता का, हे अजून विचारायचं बाकी आहे. हा फरक ज्या दिवशी मुलाच्या अंगात भिनतो त्या दिवसापासून तो या कामाच्या लायकीचा होतो असं माझं ठाम मत आहे. कारण आपण चुकीच्या माणसावर बोट ठेवलं तर त्याची नोकरी जाते, नाव जातं, घरच्यांना तोंड दाखवायला जागा राहत नाही, आणि खरा माणूस बाजूच्या टेबलावर बसून सगळं बघत असतो.

डेटाच्या पद्धती शिकवायलाच पाहिजेत, त्यात दुमत नाही. मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो बेनफर्डचा नियम. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाच्या १८८१ साली लक्षात आलं होतं की लॉगरिदमच्या पुस्तकाची पहिली पानं, म्हणजे १ ने सुरू होणाऱ्या आकड्यांची, शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात, मग १९३८ साली फ्रँक बेनफर्डने निरनिराळ्या प्रकारचे हजारो आकडे गोळा करून तीच गोष्ट दाखवली, की नैसर्गिकपणे तयार झालेल्या बऱ्याच आकड्यांमध्ये पहिला अंक १ असण्याचं प्रमाण साधारण ३०.१ टक्के, २ चं १७.६ आणि ९ चं फक्त ४.६ टक्के असतं. माणूस मनाने आकडे रचायला लागला की हे प्रमाण बिघडतं. १९९२ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या खजिना खात्यातल्या एका मॅनेजरने खोट्या व्हेंडरच्या नावाने २३ चेक काढले, एकूण जवळपास १९ लाख डॉलरचे, सुरुवातीचे छोटे आणि मग जवळजवळ सगळे एक लाखाच्या जरा खाली, त्यामुळे ९० टक्क्यांहून जास्त चेकांचा पहिला अंक ७, ८ किंवा ९ आला. पुढे अकाउंटिंगचे प्राध्यापक मार्क निग्रिनी यांनी ही केस लेखांमधून मांडली आणि ती जगभर शिकवली जायला लागली. पण याच्या पुढचं वाक्य वर्गात क्वचितच सांगितलं जातं, ते म्हणजे हा नियम सगळीकडे लागू होत नाही. जिथे आकड्याला वरची-खालची मर्यादा आहे, जिथे ठरलेले दर आहेत, जिथे नंबर नेमून दिलेले आहेत, जिथे व्यवहारच मोजके आहेत, तिथे तो लावला तर भलत्याच माणसावर संशय येतो. ठरावीक फी घेणाऱ्या संस्थेच्या पावत्यांना बेनफर्ड लावून एका मुलाने मला पानभर निष्कर्ष लिहून दिले होते, सगळे ग्राफ सुंदर आणि अर्थ शून्य. चूक त्या मुलाची नव्हती, त्याला पद्धत शिकवली होती पण ती कधी वापरायची नाही ते शिकवलंच नव्हतं.

उलट एक जुनी पद्धत आहे जिला सॉफ्टवेअर लागत नाही आणि जी मुलांना नीट येत नाही, ती म्हणजे मालमत्ता-वाढीचा हिशोब. समजा एखाद्या माणसाची वर्षाच्या सुरुवातीला मालमत्ता ४० लाखांची आणि देणी १० लाखांची, म्हणजे निव्वळ ३० लाख. वर्षाअखेरीला मालमत्ता ७५ लाख, देणी १५ लाख, निव्वळ ६० लाख. वाढ ३० लाखांची. वर्षभरात राहणीमानावर खर्च केले १२ लाख, म्हणजे त्याच्या हातात ४२ लाख तरी आले असले पाहिजेत. दाखवलेलं उत्पन्न आहे १८ लाख. मग २४ लाख कुठून आले? हिशोब पाच मिनिटांचा आहे, पण सगळं भांडण होतं ते पहिल्या ३० लाखांवर, कारण समोरचा म्हणणार की माझ्याकडे वडिलोपार्जित रोकड कपाटात होती, ती तुम्ही धरलीच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ साली हॉलंड खटल्यात ही पद्धत मान्य केली ती सुद्धा अटी घालूनच, की सुरुवातीचा आकडा भक्कम पाहिजे आणि आरोपीने पैशाचा पटण्यासारखा मार्ग सांगितला तर तपास करणाऱ्याने तो जाऊन तपासला पाहिजे. शिकागोचा गुंड अल कपोन याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, १९३१ साली त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली ती खुनासाठी नव्हे तर इन्कम टॅक्स चुकवल्याबद्दल, पण ती शिक्षा कशावर झाली ते सांगितलं जात नाही. टॅक्स खात्याचे तपास अधिकारी फ्रँक विल्सन आणि त्यांचे सहकारी जुन्या धाडींमध्ये जप्त केलेल्या कागदांमध्ये बसले, त्यात जुगाराच्या अड्ड्याची एक वही मिळाली, मग ते अक्षर कोणाचं हे शोधत शोधत ते कॅशियरपर्यंत पोचले आणि त्याला साक्षीला उभं केलं. धूळ खात पडलेली एक वही आणि एक हस्ताक्षर, एवढ्यावर केसला आकार आला.

बँकेच्या कागदाबद्दलही असंच. इटलीच्या पार्मालाट कंपनीचे ३९५ कोटी युरो बँकेत आहेत असं सांगणारं पत्र ऑडिटरकडे होतं, डिसेंबर २००३ मध्ये बँकेनेच जाहीर केलं की असं खातंच नाही, पत्र बनावट. २००९ च्या ७ जानेवारीला सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतः पत्र लिहून कबूल केलं की हिशोबात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्डचे १९० कोटी युरो फिलिपिन्समधल्या ज्या दोन बँकांमध्ये असल्याचे कागद होते त्या बँका म्हणाल्या की ही कंपनी आमची खातेदार नाही. तीन देश, मधे १७ वर्षं, आणि घोटाळ्याचा गाभा तोच, सगळ्यात सोपी वाटणारी गोष्ट म्हणजे बँकेतली शिल्लक, ती तपासताना कागद कुठून आला हे नीट विचारलं गेलं नाही. वर्गात या तिन्ही केसेस तारखांसह पाठ करून घेतात. त्यापेक्षा मुलांना बँकेला पाठवायचं पत्र लिहायला लावा, पत्ता कंपनीने दिलेला न वापरता स्वतः शोधून, उत्तर थेट आपल्याकडे येईल असं, आणि एका मुलाला मुद्दाम बनावट उत्तर द्या, बघू त्याच्या लक्षात येतं का. हे एकदा केलं की जन्मभर विसरत नाहीत.

माणूस चोरी का करतो हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो एका त्रिकोणाचं चित्र काढून पंधरा मिनिटांत संपवला जातो. डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने विश्वासघात करून तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून १९५३ साली जे मांडलं त्यावरून तो त्रिकोण आला, कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, संधी, आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत. पहिल्या दोन बाजू मुलांना लगेच कळतात. तिसरी कळायला वर्ल्डकॉमकडेच परत जावं लागतं. तिथे खोट्या एंट्री प्रत्यक्ष ज्यांनी टाकल्या त्यात मधल्या फळीतली एक अकाउंटंट होती, तिला वरून सांगितलं गेलं, तिला ते चूक आहे हे कळत होतं, नोकरी सोडायचा विचारही केला, पण घर तिच्या पगारावर चाललं होतं आणि एवढ्या एका वेळेपुरतं असं वरिष्ठ म्हणाले. मग पुढच्या तिमाहीत परत, मग परत. तिने त्यातला पैसा खिशात घातला नव्हता तरी तिला पाच महिन्यांची कैद झाली. ही केस शिकवताना मी मुलांना सांगते की तुमच्यातले बहुतेक जण तपास करणाऱ्याच्या खुर्चीत बसायच्या आधी काही वर्षं या बाईच्या खुर्चीत बसणार आहात, आणि तुम्हालाही कोणीतरी एवढी एक एंट्री टाक म्हणून सांगणार आहे, तेव्हा काय बोलाल ते आत्ता मोठ्याने बोलून बघा. मुलं अडखळतात. तो अडखळण्याचा सराव युनिव्हर्सिटीतच व्हायला हवा. याच कारणासाठी मला वाटतं की हा विषय वेगळ्या डिग्रीपुरता ठेवू नये, अकाउंट्स शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला निदान एक सेमिस्टर तरी असावा.

आणि आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, मुलाखत घेणं आणि रिपोर्ट लिहिणं या दोन गोष्टी जवळपास कुठेच शिकवत नाहीत. मुलाखतीचा साधा क्रम असतो, आधी बाहेरची आणि तटस्थ माणसं, मग ज्यांना काही माहीत असू शकेल ती, आणि ज्याच्यावर संशय आहे तो शक्यतो शेवटी, तोपर्यंत आपल्या हातात कागद तयार असतात. प्रश्न मोकळे विचारायचे, "हे पेमेंट कसं होतं ते सुरुवातीपासून सांगा", आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं नवीन मुलांना अजिबात जमत नाही, ते स्वतःच उत्तर सुचवतात, तुम्हीच सही केलीत ना, आणि मग समोरचा सावध होतो. पुरावा हाताळणंही तसंच, संशयिताचा लॅपटॉप उघडून फाइली चाळायच्या नाहीत, कारण नुसतं उघडलं तरी फाइलींच्या नोंदी बदलू शकतात, आधी त्याची हुबेहूब प्रत तज्ज्ञाकडून काढून घ्यायची, कोणी कधी कोणाच्या हातात दिला त्याची नोंद ठेवायची, मूळ वस्तू सीलबंद. हे नाही केलं तर सहा महिन्यांच्या मेहनतीवर कोर्टात दहा मिनिटांत पाणी पडतं.

रिपोर्टचं तर विचारूच नका. ग्राफ, रंगीत तक्ते, आणि भाषा अशी की वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही नक्की किती पैसे गेले. रिपोर्ट वाचणार कोण, तर संचालक, वकील, पोलिस अधिकारी, न्यायाधीश, यांच्यातल्या बहुतेकांनी अकाउंट्स शिकलेलं नसतं. त्यांना काय विचारलं होतं, काय कागद बघितले, कुठले मिळाले नाहीत, काय आढळलं आणि कशावरून, एवढं ओळीने कळलं पाहिजे, आणि दोषी हा शब्द आपण लिहायचा नाही, तो अधिकार कोर्टाचा. हॅरी मार्कोपोलोस या अमेरिकेतल्या गुंतवणूक विश्लेषकाचं उदाहरण मी नेहमी देते. लोकांचे पैसे गुंतवतो म्हणून घेणाऱ्या न्यूयॉर्कच्या बर्नार्ड मॅडॉफचा नफा गणिताने शक्य नाही, बाजार वर-खाली होतो आणि याची रेघ सरळ वर जाते, हे त्यांनी २००० सालापासून अमेरिकेच्या सिक्युरिटीज कमिशनला कळवलं, २००५ मध्ये सविस्तर लिहून दिलं, तरी मॅडॉफला अटक झाली ती डिसेंबर २००८ मध्ये, तीही पैसे संपून त्याने घरच्यांजवळ कबुली दिल्यावर. गणित बरोबर होतं. दोष मुख्यतः ऐकणाऱ्या यंत्रणेचा होता यात शंका नाही, पण आपलं खरं दुसऱ्याला समजेल आणि त्याला त्यावर पाऊल उचलता येईल असं लिहिणं हे किती अवघड आणि किती गरजेचं आहे ते यातून मुलांना दिसतं.

हे सगळं शिकवायला खर्च फार येत नाही. बनवलेली फाइल एकदा तयार केली की दर वर्षी थोडी बदलून वापरता येते, निवृत्त ऑडिटर, बँक अधिकारी, तपास अधिकारी, वकील बोलावले तर आनंदाने येतात हा माझा अनुभव आहे. कायद्याच्या कॉलेजातली मुलं उलटतपासणी घ्यायला आणि अकाउंट्सची मुलं साक्ष द्यायला, असा कार्यक्रम केला तर दोघांचा फायदा. अडतं ते परीक्षेच्या पद्धतीवर, कारण तीन तासांच्या पेपरात हे मावत नाही आणि विद्यापीठाला मार्क देण्यासाठी ठरलेली उत्तरं लागतात. एका ठिकाणी मी फाइलवर आधारित परीक्षा घ्या असं सुचवलं तर उत्तर मिळालं की प्रत्येक मुलाचं उत्तर वेगळं आलं तर तपासायचं कसं. अहो पण प्रत्यक्ष कामात तेच होतं ना, दोन जण एकाच फाइलमधून वेगळ्या वाटेने जातात, आणि कोणाची वाट कागदावर टिकते ते बघणं हेच तपासायचं असतं.

पालकांनाही दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी हुशार आहे एवढ्यावर या कोर्सला घालू नका, चिकाटी आहे का बघा, एकाच प्रकारची चारशे बिलं बघताना चारशेवं बिलही पहिल्याइतक्याच लक्षाने बघता येतं का. डिग्री मिळाली म्हणजे कोणी लगेच तज्ज्ञ साक्षीदार होत नाही, आधी काही वर्षं ऑडिटमध्ये किंवा बँकेत काढलेली बरी, व्यवहार नेहमी कसे होतात ते माहीत असल्याशिवाय वेगळं काय घडलंय ते दिसत नाही. सॉफ्टवेअर आणि एआय येतंय, ते हजारो व्यवहारांतून वीस संशयित काढून देईल, त्या वीस जणांशी बोलायला माणूसच लागणार.

ज्यांना ॲडमिशन घ्यायचीच आहे त्यांनी कॉलेजला एवढं जरूर विचारावं. शिकवणाऱ्यांपैकी कोणी प्रत्यक्ष तपासाचं काम केलंय का. पूर्ण कोर्समध्ये किती वेळा आख्खी फाइल हातात देऊन रिपोर्ट लिहून घेता आणि तो रिपोर्ट लाल पेनने दुरुस्त करून परत देता का. मुलाखतीचा सराव होतो का. पुराव्याचा कायदा कोण शिकवतं, वकील की गाइड. लिहिलेल्या रिपोर्टवर मुलाला उभं करून उलटतपासणी घेता का. आणि आपणही, संपादक महोदय, पुढच्या वेळी करिअरच्या पानावर अशा कोर्सची माहिती द्याल तेव्हा फी आणि प्रवेशाच्या तारखांसोबत कॉलेजांकडून या प्रश्नांची उत्तरं मागवून तीही छापा, ज्या कॉलेजने उत्तर दिलं नाही त्याच्या नावापुढे तसं लिहा, एवढी विनंती.

आपली,
फसवणूक तपासात काम करणारी एक वाचक